कोंतेंतोस की कोंतेंतास? स्पॅनिशमध्ये घोळक्याच्या मनातलं सांगताना

स्पेनमधल्या सालामांका शहरातल्या आमच्या घरात एक गोल टेबल होतं. त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड आणि आत, पायांशी, हीटर. त्याला मेसा कामीया म्हणतात. थंडीत सगळं घर त्या कापडाखाली पाय घालून बसायचं. २००६ च्या नोव्हेंबरात आम्ही चौघी ला आल्बेर्का नावाच्या गावाला गेलो, दिवसभर डोंगरात चाललो, आणि रात्री परत येऊन त्या टेबलाभोवती कोसळलो. घरमालकीणबाईंनी विचारलं, कसा झाला दिवस? मी सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं, "एस्तामोस मुय कान्सादोस." आम्ही खूप दमलोय.

बाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि दाराकडे बघितलं. "इ एल चीको? दोंदे एस्ता?" आणि मुलगा? तो कुठाय?

मुलगा कुणी नव्हताच. 'कान्सादास'च्या जागी मी 'कान्सादोस' म्हटलं होतं, आणि त्या एका ओकारानं आमच्यात एक पुरुष आणून बसवला होता. बाईंना खरंच वाटलं, की सोबत कुणी मित्र आलाय आणि बिचारा थंडीत जिन्यात थांबलाय.

गेली बरीच वर्षं मी पुण्यात संध्याकाळी स्पॅनिश शिकवते. हीच चूक माझ्यासमोर जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये होते, आणि बहुतेक वेळा ती मुलींकडून होते. याचं कारण आपल्या मराठीत आहे. वरचा पहिला परिच्छेद पुन्हा बघा. आम्ही चौघी 'गेलो', 'चाललो', 'कोसळलो' असं मी लिहिलंय, आणि ते बरोबरच आहे. मराठीत एकटी बाई 'मी दमले' म्हणते आणि एकटा पुरुष 'मी दमलो' म्हणतो, पण 'आम्ही' आलं की सगळे 'दमलो'. बायकांचा घोळका असो, पुरुषांचा असो, मिसळलेला असो, क्रियापद एकच. 'आम्ही'पाशी लिंग विचारायची सवयच आपल्या जिभेला नाही. स्पॅनिश मात्र नेमकं तिथंच विचारते.

म्हणून माझ्या वर्गात पहिला नियम असा, की भावनेचा शब्द तोंडात येण्याआधी घोळक्याकडे बघायचं. कोण कोण उभं आहे?

चार शेपट्या

'ओ'नं संपणारं विशेषण चार रूपं घेतं. एक पुरुष खूश आहे, कोंतेंतो. एक बाई खूश आहे, कोंतेंता. नुसते पुरुष किंवा पुरुष-बायका मिळून खूश आहेत, कोंतेंतोस. नुसत्या बायका खूश आहेत, कोंतेंतास. मराठीतल्या 'दमलेला, दमलेली, दमलेले, दमलेल्या' यांच्यासारखंच. उच्चाराला आपण नशीबवान आहोत, कारण स्पॅनिशचे त आणि द अगदी आपल्या त-दसारखे दातांना जीभ लावून येतात. फक्त शेवटचा स्वर स्वच्छ उघडून म्हणा, कारण सगळी माहिती तिथंच असते. (स्पेनच्या बऱ्याच भागात काही 'स' हे 'थ'कडे झुकतात. मी इथं सगळीकडे 'स'च लिहितेय, लॅटिन अमेरिकेत म्हणतात तसं.)

याच साच्यातले रोज लागणारे शब्द: कान्सादो म्हणजे दमलेला, प्रेओकुपादो म्हणजे काळजीत, नेर्व्योसो म्हणजे टेन्शनमध्ये, आसुस्तादो म्हणजे घाबरलेला, ओर्गुयोसो म्हणजे अभिमान वाटतोय असा, त्रांकीलो म्हणजे शांत, देसेप्स्योनादो म्हणजे हिरमुसलेला. चिडलेल्याला स्पेनमध्ये एन्फादादो म्हणतात आणि मेक्सिको-अर्जेंटिनात एनोखादो. माझे निम्मे विद्यार्थी आयटीतले, त्यांचे क्लायंट मेक्सिकोचे. त्यांना मी एनोखादोच पाठ करायला सांगते.

आता जिथं खरी गाठ बसते ते बघू. मराठीत मिसळलेल्या घोळक्यासाठी आपल्याकडे तिसरी खोली आहे, नपुंसकलिंगाची. 'नवरा-बायको दोघं दमली.' 'सगळी भावंडं खूश होती.' त्यात ना कुणी बाई पुरुषात जाते, ना कुणी पुरुष बाईत. स्पॅनिशच्या नामांना ही खोलीच नाही. तिथं दोनच, आणि मिसळलेला घोळका पुल्लिंगाच्या खोलीत जातो. आना आणि लुईसा कोंतेंतास. त्यांच्यात पेद्रो येऊन उभा राहिला की तिघंही कोंतेंतोस. नव्व्याण्णव बायका आणि एक पुरुष असला तरी नियम तोच.

नात्यांचे शब्दही त्यावरच उभे आहेत. पाद्रे म्हणजे वडील, पण लोस पाद्रेस म्हणजे आई-वडील. एर्मानो म्हणजे भाऊ, पण लोस एर्मानोस म्हणजे भावंडं. लोस आबुएलोस म्हणजे आजी-आजोबा, लोस नोव्योस म्हणजे नवरा-नवरी. 'मिस पाद्रेस एस्तान ओर्गुयोसोस' म्हटलं की आई-वडील दोघांनाही अभिमान वाटतोय. उलट दिशेनं मात्र हे चालत नाही. माद्रेस म्हणजे फक्त आया. १९७७ साली अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसच्या प्लासा दे मायो चौकात, लष्करी राजवटीत नाहीशा झालेल्या मुलांचा जाब विचारायला ज्या उभ्या राहिल्या, त्यांचं नाव लास माद्रेस. त्या नावातल्या 'लास'वरूनच कळतं की चौकात कोण उभं होतं. त्यांच्याविषयी लिहाल तेव्हा आसुस्तादास पेरो उनीदास असं लिहा. भ्यायलेल्या, पण एकत्र.

सगळी विशेषणं मात्र इतकं विचारत नाहीत. त्रीस्ते (दुःखी), आलेग्रे (आनंदी, हसतमुख) असे 'ए'नं संपणारे शब्द बाई-पुरुष बघतच नाहीत, नुसतं एक की अनेक एवढंच बघतात. त्रीस्ते, त्रीस्तेस. आपल्या 'आनंदी', 'दुःखी'सारखेच हे शब्द मनमिळाऊ आहेत. फेलीसचं अनेकवचन फेलीसेस, फक्त लिहिताना झेडच्या जागी सी येतो. आणि ओप्तिमिस्ता, पेसिमिस्ता हे 'आ'नं संपले तरी पुरुषांनाही तसेच लागतात. लोस चीकोस सोन ओप्तिमिस्तास. 'ओप्तिमिस्तो' असा शब्दच नाही, आणि तो ऐकला की मी वर्गात तिथल्या तिथं थांबवते.

शब्दाचं लिंग की माणसांचं?

इथं थोडा वेळ द्या. एवढं नीट समजलं की पुढचं पुष्कळ आपोआप सुटतं.

'नोसोत्रोस' (आम्ही), 'एयोस' (ते) अशी सर्वनामं असतील, किंवा कुणाचं नावच घेतलेलं नसेल, तर विशेषण प्रत्यक्ष माणसांकडे बघतं. म्हणून आम्ही चौघी कान्सादास. पण वाक्यात नाम आलं की विशेषण माणसांकडे बघायचं सोडून त्या नामाच्या लिंगाकडे बघतं. 'पेर्सोना' म्हणजे व्यक्ती, आणि हा शब्द स्त्रीलिंगी आहे. रांगेत वीस पुरुष उभे असले तरी 'लास पेर्सोनास एस्तान कान्सादास'. मुलं हे ऐकून चक्रावतात. तेव्हा मी त्यांना मराठी पेपरातली बातमी वाचून दाखवते: 'अपघातात तीन व्यक्ती जखमी झाल्या.' तिघंही पुरुष असतील, तरी 'झाल्या'. कारण आपलीही व्यक्ती स्त्रीलिंगी. एवढं सांगितलं की कुणी पुन्हा चुकत नाही.

सगळ्यात मोठा खड्डा आहे 'खेंते'चा. ला खेंते म्हणजे लोक. मराठीत 'लोक' पुल्लिंगी अनेकवचन, लोक चिडलेत. स्पॅनिशमध्ये खेंते स्त्रीलिंगी, शिवाय एकवचन. ला खेंते एस्ता एन्फादादा. मराठी माणूस हमखास 'लोस खेंतेस एस्तान एन्फादादोस' म्हणतो आणि एका दमात चारही शब्द चुकतात. यावर मला एक तोडगा सापडला. खेंते म्हणजे 'लोक' असं शिकायचंच नाही. खेंते म्हणजे 'जनता' असं शिकायचं. जनता चिडली आहे. स्त्रीलिंग, एकवचन, सगळं जागेवर बसलं. पारेखा म्हणजे जोडपं. मराठीत 'जोडपं खूश आहे' म्हणताना आपण दोन माणसांसाठी एकवचन वापरतोच की. तसंच 'ला पारेखा एस्ता नेर्व्योसा', जोडप्यात दोघंही पुरुष असले तरी.

फामील्या (कुटुंब), क्लासे (वर्ग), मुल्तितूद (गर्दी) हे सगळे स्त्रीलिंगी एकवचनी. एकीपो (टीम), पूब्लिको (प्रेक्षक), पुएब्लो (गाव, जनसमुदाय), ग्रूपो हे पुल्लिंगी एकवचनी. देशाच्या फुटबॉल संघाला ला सेलेक्स्योन म्हणतात, स्त्रीलिंगी. २०१० साली जोहान्सबर्गला स्पेनच्या पुरुषांनी विश्वचषक जिंकला, तेव्हाही 'ला सेलेक्स्योन एस्ता कोंतेंता'. २० ऑगस्ट २०२३ ला सिडनीत स्पेनच्या मुलींनी इंग्लंडला १-० हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हाही 'ला सेलेक्स्योन एस्ता कोंतेंता'. वाक्य अक्षरशः तेच. फरक पडतो तो खेळाडूंचा उल्लेख केला की. तेव्हाचे लोस काम्पेओनेस ओर्गुयोसोस, आताच्या लास काम्पेओनास ओर्गुयोसास. सिडनीच्या सामन्यानंतर मी वर्गात दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली होती, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी त्या 'आस'खाली बोटानं रेघ ओढत राहिली होती.

अजून एक बारीक गोष्ट. समूहवाचक शब्दानंतरच्या पुढच्या वाक्यात स्पॅनिश माणूस सहज अनेकवचनाकडे वळतो: 'ला फामील्या एस्ता प्रेओकुपादा. एस्तान तोदोस एन एल ओस्पिताल.' कुटुंब काळजीत आहे, सगळे हॉस्पिटलात आहेत. हे चूक नाही. एका वाक्याच्या आत मात्र तसं करू नका.

'बहुतेक' म्हणायचं असेल तर ला मायोरीया. 'ला मायोरीया दे लास आलुम्नास एस्तान नेर्व्योसास', बहुतेक विद्यार्थिनी टेन्शनमध्ये आहेत. मायोरीया एकवचनी असली तरी मागे 'दे लास आलुम्नास' आलं आणि पुढे विशेषण असलं, की अनेकवचनच घ्यायचं.

एक गाव, चार शेवट

हे सगळं एकाच ठिकाणी बघायचं असेल तर २२ डिसेंबरची नाताळची लॉटरी बघा. स्पेनमध्ये ही सोडत १८१२ पासून चालू आहे. सान इल्देफोन्सो शाळेची मुलं नंबर आणि बक्षिसाची रक्कम गाऊन सांगतात, सकाळभर, एका सुरात. हल्ली सोडत माद्रिदच्या तेआत्रो रेआलमध्ये होते. त्या मुलांना सगळा देश लोस नीन्योस दे सान इल्देफोन्सो म्हणतो. १९८० च्या दशकापासून त्यांच्यात मुलीही गातात, तरी नाव 'नीन्योस'च. मिसळलेला घोळका पुल्लिंगात जातो तो असा.

आता या लॉटरीत घोळक्याची भावना एवढी का दिसते? कारण तिची रचनाच तशी आहे. पूर्ण तिकिटाचे दहा भाग असतात. एका भागाला देसिमो म्हणतात, त्याची किंमत २० युरो. एकाच नंबरचे पुष्कळ देसिमो छापले जातात. एखादं ऑफिस, एखादा बार, एखादं गाव मिळून एकच नंबर घेतं, आणि मग त्यातलेही छोटे वाटे पाडून विकतात. सगळ्यात मोठं बक्षीस, एल गोर्दो, एका देसिमोला ४ लाख युरो देतं, अर्थात कर कापण्याआधी. म्हणजे लागली तर एकट्याला नाही, सगळ्या गल्लीला लागते.

२०११ साली वेस्का प्रांतातल्या सोदेतो या लहानशा गावात असंच झालं. तिथल्या गृहिणींच्या मंडळानं दारोदार जाऊन वाटे विकले होते, आणि नेमका तोच नंबर निघाला. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात बक्षीस आलं. हा प्रसंग मी दरवर्षी वर्गात घेते, कारण एकाच आनंदाचे चारही शेवट त्यात आहेत.

गावकरी म्हणायचे असतील तर लोस वेसीनोस एस्तान कोंतेंतोस. पुरुष-बायका मिळून, म्हणून 'ओस'. ज्यांनी तिकिटं विकली त्या गृहिणी लास आमास दे कासा, त्या एस्तान कोंतेंतास. लोक म्हणाल तर ला खेंते एस्ता कोंतेंता. आणि अख्खं गाव म्हणाल तर एल पुएब्लो एस्ता कोंतेंतो. आनंद तोच, रस्ता तोच, माणसंही तीच. शब्द बदलला की शेपूट बदलली.

वहीत हे चार एकाखाली एक लिहा आणि मग कोंतेंतोच्या जागी नेर्व्योसो घालून चारही पुन्हा म्हणा. मग कान्सादो घाला. मग त्रीस्ते घाला आणि बघा, चारातले किती बदलतात. (दोनच. एकवचनी दोन्ही त्रीस्ते, अनेकवचनी दोन्ही त्रीस्तेस.) माझ्या बॅचमधली मुलं हे लोकलमध्ये, बसमध्ये, स्वयंपाक करताना म्हणतात. आठवडाभरात जीभ वळते.

आदरार्थी बहुवचन घरी ठेवून या

'बाबा दमलेत.' 'सासूबाई खूश आहेत.' आपण एका माणसाला आदरानं अनेकवचन लावतो, आणि तो संस्कार इतका आत असतो की तो काढताना मनाला अवघड वाटतं. एका विद्यार्थिनीनं निबंधात लिहिलं, 'मी सुएग्रा एस्तान कान्सादास'. (इथला 'मी' म्हणजे 'माझी'.) तिचं म्हणणं, सासूबाईंना 'एस्ता कान्सादा' म्हणणं मला उद्धट वाटतं. मला तिचं मन कळलं, पण स्पॅनिशमध्ये आदर तिथं राहत नाही. 'मी सुएग्रा एस्ता कान्सादा' हेच बरोबर आणि त्यात काही कमीपणा नाही. समोरच्याला मान द्यायचा तर 'उस्तेद' म्हणा, आणि विशेषण तरीही एकवचनीच: 'एस्ता उस्तेद कान्सादा?' एका आजीला 'कान्सादास' म्हटलंत तर ऐकणारा दुसरी आजी शोधेल.

समोर घोळका असेल तर स्पेनमध्ये मित्रमैत्रिणींना 'एस्ताइस कोंतेंतोस?' आणि लॅटिन अमेरिकेत सगळ्यांनाच 'एस्तान कोंतेंतोस?' विचारतात. दोन्हीकडे शेपूट बघावीच लागते.

आहेत, आणि आहेत

मराठीत एकच 'आहे'. स्पॅनिशमध्ये दोन, सेर आणि एस्तार. मनाची आत्ताची अवस्था सांगायला एस्तार. घोळक्याबद्दल बोलताना याची चूक महागात पडते, कारण अख्ख्या घोळक्यावर शिक्का बसतो. 'एस्तान आबुर्रीदोस' म्हणजे त्यांना कंटाळा आलाय. 'सोन आबुर्रीदोस' म्हणजे तेच कंटाळवाणे आहेत. 'एस्तान ओर्गुयोसास दे सु इखा' म्हणजे त्यांना मुलीचा अभिमान वाटतोय, 'सोन ओर्गुयोसास' म्हणजे त्या गर्विष्ठ आहेत. क्लायंटच्या टीमबद्दल बोलताना हा फरक लक्षात ठेवाच. फेलीस दोन्हींबरोबर चालतो: 'सोमोस फेलीसेस' म्हणजे आम्ही सुखी आहोत, 'एस्तामोस फेलीसेस' म्हणजे आत्ता आनंदात आहोत. कोंतेंतोला मात्र एस्तारच हवं.

भावना बदलली, हे सांगायचं तर पोनेर्से: 'सी पुसिएरोन नेर्व्योसास' नव्हे, 'से पुसिएरोन नेर्व्योसास', त्यांना टेन्शन आलं. ही 'सी'ची सवय इंग्रजी वाचण्यातून येते. विशेषण इथंही घोळक्याला धरून चालतं. 'लोस नीन्योस सालिएरोन कोंतेंतोस', मुलं खुशीत बाहेर पडली, इथंही तसंच.

पण हा एक अपवाद असा आहे की तिसऱ्या वर्षाची मुलंही त्यात अडकतात. 'लास चीकास एस्तान कान्सादास', पण 'लास चीकास से आन कान्सादो'. मुली दमलेल्या आहेत, मुली दमल्यात. मराठीत दोन्हींत लिंग-वचन दिसतं. स्पॅनिशमध्ये आबेर हे सहायक क्रियापद ('आ', 'आन', 'एमोस') आलं की पुढचं रूप 'ओ'वर गोठतं. पन्नास मुली असल्या तरी 'से आन कान्सादो'. एस्तार दिसलं की बदला, आबेर दिसलं की हात लावू नका.

तसंच मुय, उन पोको, मेद्यो, देमास्यादो हे विशेषणाआधी आले की बदलत नाहीत. 'मेद्यो दोर्मीदास', अर्धवट झोपेत. 'मेद्यास' नाही. मराठी माणूस इथं घसरतो कारण आपण 'मुली चांगल्या गातात' म्हणतो, म्हणजे गाण्याच्या पद्धतीलाही मुलींचं रूप देतो.

जिथं विशेषण नकोच

भीती, लाज, मत्सर यांसाठी स्पॅनिश बहुतेक वेळा नाम वापरते, आणि तिथं आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं. 'नोस दा म्येदो' म्हणजे आम्हाला भीती वाटते. 'नोस दा वेर्ग्वेन्सा' म्हणजे आम्हाला लाज वाटते. आपल्यासारखंच 'आम्हाला' म्हणून सुरुवात, आणि शेपटीची चिंता नाही. घोळक्यात कोण कोण आहे याची खात्री नसेल तेव्हा हीच वाट धरा. 'नोस दा पेना' मात्र जपून वापरा. स्पेनमध्ये त्याचा अर्थ वाईट वाटतं असा होतो, मेक्सिको-कोलंबियात लाज वाटते असा.

दोन शब्दांबद्दल मी पहिल्याच महिन्यात बजावते. इंग्रजीच्या वाटेनं येऊन 'आम्हाला ओशाळल्यासारखं झालं' हे सांगायला कुणी 'एस्तामोस एम्बारासादास' म्हणतं. त्याचा अर्थ आम्ही गरोदर आहोत. ओशाळलेल्यांसाठी शब्द आहे आवेर्गोन्सादास. आणि उत्सुक आहोत म्हणायला 'एक्सितादोस' वापरू नका, त्यात लैंगिक उत्तेजनेचा अर्थ येतो. लॅटिन अमेरिकेत एमोस्योनादोस म्हणा. स्पेनमध्ये एमोस्योनादो म्हटलं की मन भरून आलेलं, डोळे ओले झालेले, असं वाटतं, म्हणून तिथं पुढच्या गोष्टीची उत्सुकता सांगायला इलूस्योनादोस. हा शब्द मला फार आवडतो. लॉटरीचं तिकीट खिशात घालून घरी निघालेल्या माणसाच्या मनात जे असतं ते.

मुली हमखास विचारतात, की एका पेद्रोपायी आम्ही सगळ्या 'ओस' का? प्रश्न खरा आहे आणि मी तो झटकत नाही. स्पेनची भाषा अकादमी पुल्लिंगी अनेकवचनात सगळे येतात असंच मानते. भाषणात पुष्कळ जण 'तोदास इ तोदोस' असं दोन्ही म्हणतात. अर्जेंटिनात तरुण मुलं 'ए'ची शेपूट लावतात, तोदेस, कोंतेंतेस, आणि २०२२ मध्ये ब्वेनोस आयरेस शहरानं शाळांतल्या शिक्षकांना ती वर्गात वापरायला मनाई केली. आपली नपुंसकलिंगाची खोली त्यांना मुद्दाम बांधावी लागतेय, असं मला ते बघून वाटतं. तुम्ही परीक्षेत 'ओस' लिहा. मित्रांमध्ये समोरचा स्वतःला जे म्हणवतो ते म्हणा.

आज रात्री करायचं

घरातला लग्नाचा एक ग्रुप फोटो काढा. अल्बममधलाच घ्या, मोबाइलवर चेहरे बारीक दिसतात. कडेपासून सुरुवात करा आणि फोटोतला एक-एक घोळका बोटानं झाकून त्याच्याबद्दल एक वाक्य मोठ्यानं म्हणा. नवरा-नवरी: लोस नोव्योस एस्तान नेर्व्योसोस. मावश्या-आत्या-काकू: लास तीयास एस्तान कान्सादास. त्यांच्यामागून एक काका डोकावत असेल तर बोट थोडं सरकवा आणि वाक्य बदला, लोस तीयोस एस्तान कान्सादोस. आजी एकटीच खुर्चीवर असेल तर ला आबुएला एस्ता त्रांकीला, कितीही मान असला तरी एकवचन. शेवटी बोट उचला आणि सगळा फोटो एका शब्दात घ्या, आधी ला फामील्या घेऊन, मग तोदोस घेऊन.

गेल्या महिन्यात एका मुलीनं वर्गात तिच्या आईच्या भिशीचा फोटो आणला. अकरा बायका, हातात साबुदाणा वड्याच्या प्लेटी. तिनं 'एस्तान कोंतेंतास' म्हटलं, मग थांबली, फोटो डोळ्यांजवळ नेला. कोपऱ्यात, दाराच्या फटीत, कुणाचा तरी चार-पाच वर्षांचा मुलगा वड्याकडे बघत उभा होता. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "कोंतेंतोस."